शाळेचें घर कोणास विचारून बांधावें?

घर बांधावयाचें ठरलें म्हणजे आपण गवंड्यास बोलावितों, सुतारास बोलावितों, जागा मोजतों आणि खर्चाचा अंदाज काढतों. परंतु शहाणा गृहस्थ त्याआधीं आणखी एक गोष्ट करतो. चूल कोठें असावी, मोरी कोणत्या बाजूस असावी, फडताळ किती उंच असावें, हें तो घरांत स्वयंपाक करणाऱ्या बाईस विचारतो. भिंत गवंडी बांधतो खरा, परंतु त्या भिंतीच्या आंत रोज वावरावयाचें असतें तें तिला. ही साधी गोष्ट घराच्या बाबतींत कोणासहि पटते. शाळेच्या बाबतींत मात्र ती फार थोड्यांस सुचते.

शाळा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. लांब पडवी, तिला लागून एकासारख्या एक चौकोनी खोल्या, प्रत्येक खोलींत एक फळा, एक खुर्ची आणि बाकांच्या रांगा. हें चित्र वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. अशाच खोल्यांतून मोठमोठे विद्वान् बाहेर पडले आहेत. परंतु त्या खोलीची लांबी-रुंदी, तिच्या खिडकीची उंची, तिच्यांतील बाकांची मांडणी हीं कोणी ठरविलीं, आणि ठरवितांना तेथें दिवसाचे पांच-सहा तास बसणाऱ्या मुलांचा, शिकविणाऱ्या शिक्षकांचा व मुलांस तेथें धाडणाऱ्या आईबापांचा कोणी विचार घेतला होता काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास मदत व्हावी म्हणून आम्ही वाचकांस एका अमेरिकन गांवाची हकीकत सांगणार आहों.

प्रथम तेथील व्यवस्थेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकेंत शाळांचा रोजचा कारभार राजधानींतून चालत नाहीं. एक गांव, किंवा शेजारशेजारचीं कांहीं गांवें, मिळून एक 'शाळा-जिल्हा' होतो. हा आपल्याकडील जिल्ह्यासारखा मोठा मुलूख नव्हे. कित्येक वेळां तो एका गांवाएवढाच असतो. त्याचें मंडळ बहुतेक ठिकाणीं लोक मतें देऊन निवडतात. शाळांच्या खर्चाचा मोठा भाग लोकांच्या घरांवरील व जमिनींवरील करांतून येतो. मोठ्या इमारतीसाठीं कर्ज उभारावयाचें झाल्यास पुष्कळ ठिकाणीं मतदारांचा कौल घ्यावा लागतो. म्हणजे शाळेचें घर हें तेथें खरोखरीच गांवाचें घर असतें. त्याची वीट न् वीट लोकांच्या पैशाची असते.

इलिनॉय राज्यांत, शिकागो शहराच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराच्या कांठीं विनेट्का नांवाचें एक सुखवस्तु गांव आहे. येथील शाळा-जिल्ह्याचा क्रमांक ३६ असून त्याच्या शाळांत बालवर्गापासून आठव्या इयत्तेपर्यंतचीं मुलें शिकतात. सन १९१९ मध्यें या जिल्ह्याच्या शाळांचे प्रमुख म्हणून कार्लटन वॉशबर्न यांची नेमणूक झाली. त्या वेळीं त्यांनीं वयाची तिशीहि गांठली नव्हती. ते १९४३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षें, त्या जागीं होते. त्यांच्या कारकीर्दींत तेथें जी शिक्षणाची रीत घडत गेली ती 'विनेट्का पद्धति' या नांवानें शिक्षणशास्त्राच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे.

या पद्धतीचें सार थोडक्यांत असें. वाचन, लेखन, गणित यांसारखे अवश्य विषय प्रत्येक मुलानें आपापल्या चालीनें शिकावे. वर्गांतील हुशार मुलास मागें ओढूं नये व सावकाश शिकणाऱ्यास फरफटवूं नये. एक पायरी पक्की झाली म्हणजेच पुढच्या पायरीवर पाऊल टाकावें, आणि आपलें काम बरोबर आहे कीं नाहीं हें मुलानें शक्य तों स्वतः तपासून पाहावें. दिवसाचा उरलेला वेळ सर्व मुलांनीं मिळून नाटक, संगीत, चित्रकला, हस्तकला, चर्चा अशा कामांत घालवावा. एकट्यानें करावयाचा अभ्यास आणि सर्वांनीं मिळून करावयाचें काम, अशा या दोन बाजू होत्या.

आतां वाचकांनीं कल्पना करावी कीं, ही पद्धति जुन्या धर्तीच्या खोलींत चालवावयाची आहे. त्या काळच्या कित्येक अमेरिकन शाळांत बाकें जमिनीस स्क्रूनें पक्कीं बसविलेलीं असत. सर्व मुलांचीं तोंडें एकाच दिशेस, शिक्षकाकडे. एक मूल गणित सोडवीत आहे, दुसरें वाचीत आहे, चौघें मिळून एखादी वस्तु तयार करीत आहेत, असें त्या खोलींत कसें घडावें? रंग कोठें कालवावा, हात कोठें धुवावे, अर्धवट राहिलेलें काम उद्यांपर्यंत कोठें ठेवावें? शिकविण्याची रीत बदलली होती, पण भिंती मात्र जुन्या रीतीचाच आग्रह धरून उभ्या होत्या. पायांचा आकार बदलला आणि जोडा तोच राहिला म्हणजे चालणाऱ्याची जी स्थिति होते, ती त्या शिक्षकांची झाली होती.

पुढें गांवांत एक नवी प्राथमिक शाळा बांधण्याचें ठरलें. तिची जागा एका वनराईच्या शेजारीं होती. पूर्वीं त्या दलदलीच्या प्रदेशांत तेवढा उंचवटा कोरडा राही व तेथें कावळे जमत, म्हणून त्यास 'क्रो आयलंड', म्हणजे कावळ्यांचें बेट, असें नांव पडलें असें सांगतात. तेंच नांव शाळेस मिळालें.

इमारतीचें काम पर्किन्स, व्हीलर व विल या तीन तरुण शिल्पकारांच्या मंडळीकडे आलें. ही मंडळी १९३५ मध्येंच सुरू झालेली, म्हणजे अगदीं नवी होती. त्यांच्या जोडीस अनुभवी हात असावा म्हणून मूळचे फिन्लंडचे विख्यात शिल्पकार एलिएल सारिनेन व त्यांचे पुत्र एरो सारिनेन यांस घेण्यांत आलें. नांवाजलेला शिल्पकार मिळाला म्हणजे आतां नकाशा काढण्यास हरकत नाहीं, असें कोणासहि वाटेल. परंतु येथें नकाशाआधीं एक निराळेंच काम झालें, आणि तेंच या हकीकतीचें मर्म आहे.

तरुण लॉरेन्स पर्किन्स विनेट्काच्या शाळांत जाऊन बसले. मुलें वर्गांत कशीं येतात, कोठें घुटमळतात, शिक्षक कोठें उभे राहतात, सामान कोठें सांठतें, हें त्यांनीं पाहिलें. त्यांनीं शिक्षकांशीं बोलणें केलें, मुलांशीं केलें, इमारतीची देखभाल करणाऱ्या नोकरांशींहि केलें. झाडलोट करणाऱ्या माणसास जें ठाऊक असतें तें पुष्कळदां मुख्याध्यापकांसहि ठाऊक नसतें. पाणी कोठें तुंबतें, कोणता कोपरा कधींच स्वच्छ होत नाहीं, कोणत्या दारांत मुलांची रोज रेटारेटी होते, हें तोच सांगूं शकतो. ज्याचें जळतें त्यास कळतें, ही म्हण शिल्पकारांनीं आपल्या टेबलावर लिहून ठेवण्यासारखी आहे.

या शाळांतील सामुदायिक उपक्रमांच्या प्रमुख फ्रान्सिस प्रेस्लर यांनीं शिल्पकारांस एक पत्र लिहिलें, तें पुढें फार प्रसिद्धीस आलें. त्यांत त्यांनीं खोल्यांचीं मापें सांगितलीं नाहींत. त्या घरांत मुलास काय वाटलें पाहिजे तें सांगितलें. शाळा घरासारखी उबदार वाटावी, मुलांच्या हातच्या कामास तींत मान असावा, आणि ती इतकी देखणी असूं नये कीं मुलांनीं तिला जपत बसावें व वापरूं नये, असा त्यांचा भावार्थ होता. पाहुण्यांसाठीं राखून ठेवलेल्या दिवाणखान्यांत घरचीं मुलें कशीं अंग चोरून वावरतात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या सूचनेचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

सन १९४० मध्यें शाळा उघडली. तिचें स्वरूप पाहिलें म्हणजे आधीं विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें विटा-लांकडांत कशीं उतरलीं तें कळतें. इमारत एकमजली व विटांची आहे. निरनिराळ्या वयाच्या मुलांसाठीं तिचे निरनिराळे भाग असून लहानांस मोठ्यांच्या गर्दींतून वाट काढावी लागत नाहीं. वर्गाची खोली चौकोनी नसून काटकोनाच्या आकाराची आहे. मोठ्या भागांत अभ्यास चालतो. वळणाच्या लहान भागांत हस्तकलेची जागा व पाण्याचें कुंड आहे, आणि शौचगृह वर्गालाच लागून आहे. त्यामुळें चार मुलें रंगकाम करीत असतां बाकीच्यांचें वाचन अडत नाहीं, आणि लहान मुलास हात धुण्यासाठीं लांब पडवी ओलांडून जावें लागत नाहीं. प्रत्येक वर्गास स्वतःचें लहानसें अंगण असून त्यांत उघडणारें दार आहे. खिडक्या दोन बाजूंस असल्यामुळें उजेड एकाच अंगानें येऊन डोळ्यांस त्रास होत नाहीं. खिडकीपाशीं बसण्यास ओटे केले आहेत.

सर्वांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट मापांची. त्या काळीं वर्गाचें छत सुमारें १२ फूट उंच ठेवण्याची चाल होती. येथें तें ९ फुटांवर आणलें. सहा वर्षांच्या मुलास उंच छताखालीं आपण हरवल्यासारखें वाटतें, तें येथें वाटूं नये हा हेतु. दिव्यांचीं बटणें मुलांच्या हाताशीं येतील इतकीं खालीं लावलीं. सभागृहांतील आसनें पुढच्या रांगांत लहान व मागें जातां जातां मोठीं होत गेलेलीं आहेत. कारण शाळेंत बसणारीं माणसें एकाच उंचीचीं नसतात. मोठ्या माणसाच्या खुर्चीवर पाय लोंबकळत बसलेल्या मुलास कोणी न बोलतां सांगत असतें कीं ही जागा तुझी नव्हे. या शाळेनें त्याच्या उलट सांगावयाचें ठरविलें.

या इमारतीची कीर्ति दूरवर पसरली. पुढें कित्येक वर्षें नव्या शाळा बांधणारे लोक ती पाहावयास येत. १९७१ मध्यें अमेरिकेंतील शिल्पकारांच्या संस्थेनें, काळाच्या कसोटीस उतरलेल्या इमारतींस दिला जाणारा पंचवीस वर्षांचा पुरस्कार तिला दिला, आणि १९९० मध्यें ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तु म्हणून जाहीर झाली. परंतु पुरस्कारांहून आम्हांस जी गोष्ट मोठी वाटते ती ही कीं, तेथें आधीं वीस वर्षें शिकविण्याची रीत घडली, मग वापरणाऱ्यांचें म्हणणें ऐकून घेतलें गेलें, आणि सर्वांत शेवटीं भिंत उभी राहिली. पद्धति, विचारपूस, वास्तु असा हा क्रम आहे.

हा क्रम उलटा केला म्हणजे काय होतें, याचेंहि उदाहरण इतिहासांत आहे. १९६० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेंत व इंग्लंडांत मधल्या भिंती काढून टाकलेल्या मोकळ्या शाळा पुष्कळ बांधल्या गेल्या. मोकळ्या जागेंत मोकळें शिक्षण होईल, अशी कल्पना. त्यामागील हेतु चांगला होता, परंतु कित्येक ठिकाणीं शिक्षकांस त्या जागेंत शिकविण्याची तयारी करून देण्याआधींच जागा तयार झाली. एका वर्गाचें पाढे म्हणणें दुसऱ्या वर्गाच्या कवितेंत मिसळूं लागलें. मग शिक्षकांनीं पुस्तकांचीं कपाटें आडवीं लावून आडोसे केले, आणि पुढें अनेक शाळांनीं खऱ्याखुऱ्या भिंती पुन्हा उभारल्या. भिंत असणें हें जुनें व भिंत नसणें हें नवें, असा सोपा हिशेब येथें लागत नाहीं. नवेपणा वापरणाऱ्याच्या गरजेंतून आला तर टिकतो. नकाशाच्या हौसेंतून आला तर कपाटाआड जातो.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. ज्या विनेट्काची आम्हीं एवढी वाखाणणी केली, त्याच विनेट्कांत २०१९ च्या एप्रिल महिन्यांत निराळी घटना घडली. शाळांच्या इमारतींचें नूतनीकरण करण्यासाठीं सुमारें ९ कोटी डॉलरांचें कर्ज उभारावें, असा प्रस्ताव शाळा-जिल्ह्यानें मतदारांपुढें ठेवला. मतदारांनीं तो नामंजूर केला.

ज्यांस शाळेचें प्रेम आहे त्यांस अशी बातमी वाचून वाईट वाटेल. परंतु ती नुसती दुःखाची बातमी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मतपेटी 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच सांगते. का, तें सांगत नाहीं. अशा मतदानांत एकास कराचा बोजा जड वाटतो, दुसऱ्यास योजनेंतील एखादा भाग पटत नाहीं, तिसऱ्याचीं मुलें शाळेंतून केव्हांच बाहेर पडलेलीं असतात, आणि चवथा आपणांस कोणी नीट विचारलेंच नाहीं म्हणून रुसलेला असतो. हीं सर्व माणसें शिक्षणाचीं शत्रु नव्हेत. त्यांच्या पैशानें बांधावयाचें आहे, त्यांच्या गांवांत बांधावयाचें आहे, तेव्हां नकार देण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. ज्याच्या होकाराची किंमत आपण धरतों त्याच्या नकारासहि मान दिला पाहिजे; नाहींतर त्यास विचारण्यांत अर्थ तो काय राहिला? आणि यांतून दुसरी एक गोष्ट दिसते. आजोबांच्या पिढीनें दिलेला विश्वास नातवांच्या पिढीस वारसाहक्कानें मिळत नाहीं. तो प्रत्येक पिढीस नव्यानें मिळवावा लागतो.

तो कसा मिळवावा? येथें आम्ही आमचे कांहीं विचार मांडतों. पहिली गोष्ट ही कीं पालकांस वेळेवर विचारावें. नकाशा छापून झाल्यावर भरविलेली सभा ही विचारपूस नव्हे, ती वर्दी होय. दुसरी गोष्ट, त्यांस उत्तर देतां येईल असा प्रश्न विचारावा. "आधुनिक शिक्षणास योग्य अशी जागा कशी असावी?" असें विचारलें तर शेतांतून किंवा कारखान्यांतून आलेला बाप गप्प बसेल व घरीं जाईल. परंतु "तुमचा मुलगा घरीं अभ्यास कोठें बसून करतो? मुलगी दुपारीं डबा खाते कीं तसाच परत आणते? पावसांत तिच्या वह्या कां भिजतात?" असें विचारा, म्हणजे तोच बाप तासभर बोलेल, आणि शिल्पकाराच्या उपयोगाचें बोलेल. तिसरी गोष्ट, कागदावरील मापें पुष्कळांस कळत नाहींत. म्हणून नव्या वर्गाची आंखणी मैदानावर फक्कीनें करून दाखवावी व त्यांत मुलांस बसवून पाहावें. चवथी गोष्ट, किती पैसा आहे व काय होण्यासारखें नाहीं हें आरंभींच सांगावें. खोटी आशा दाखवून मिळविलेला होकार फार दिवस टिकत नाहीं. पांचवी व शेवटची गोष्ट, जें ऐकलें त्याचें पुढें काय झालें, कोणती सूचना घेतली व कोणती कां सोडली, हें परत येऊन सांगावें. ही शेवटची गोष्ट बहुधा विसरली जाते, आणि पुढच्या सभेस खुर्च्या रिकाम्या कां राहिल्या याचें नवल केलें जातें.

हीं सर्व परदेशची बोलणीं आहेत असें मात्र आमच्या वाचकांनीं समजूं नये. आपल्या देशांतील बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्यें मंजूर झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. विनाअनुदानित शाळा वगळून इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिति असावी, तिचे निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे, आणि सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या, असें त्यांत सांगितलें आहे. एवढेंच नव्हे, तर शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करण्याचें कामहि त्या कायद्यानें या समितीकडे दिलें आहे. अल्पसंख्याकांच्या व इतर अनुदानित शाळांत मात्र ही समिति केवळ सल्लागार स्वरूपाची असते. म्हणजे आईबापांनीं शाळेच्या आराखड्यांत बोलावें हा आतां कोणाच्या उदारपणाचा प्रश्न राहिलेला नाहीं. तें कायद्यानें नेमून दिलेलें काम आहे. तथापि कायदा खुर्ची मांडून देऊं शकतो, खुर्चींत बसणाऱ्याच्या तोंडून शब्द काढूं शकत नाहीं. नुसती सही करून परतणाऱ्या सभासदानें आपल्या मुलाची जागा दुसऱ्याच्या हवालीं केली असें म्हणावें लागतें. सबब आमची पालकांस विनंति आहे कीं, बोलावणें आलें म्हणजे जावें, आणि गेल्यावर बोलावें. आईनेंहि बोलावें, कारण मूल शाळेंतून घरीं कोणत्या अवस्थेंत परत येतें हें प्रथम तीच पुष्कळदां पाहत असते.

विद्यार्थ्यांनींहि हें काम वडील मंडळींचें म्हणून सोडून देऊं नये. त्यांच्यासाठीं आम्ही एक लहानसा अभ्यास सुचवितों. एक आठवडाभर आपल्या वर्गाकडे नव्या नजरेनें पाहावें व रोज चार ओळी लिहून ठेवाव्या. सकाळीं उजेड कोठून येतो व दुपारीं फळा कोणत्या बाकांवरून चकाकतो? शेवटच्या रांगेंत शिक्षकांचा शब्द स्पष्ट ऐकूं येतो काय? दप्तरें कोठें पडतात व कोणाच्या पायांत येतात? पंगु किंवा आजारी सोबत्यास जिना कसा पडतो? चौघांनीं मिळून काम करावयाचें ठरविल्यास बाकें फिरवितां येतात काय? आठवड्याच्या शेवटीं या टिपणांतून तीन गोष्टी निवडाव्या: एक, जी पैसा न खर्चतां उद्यांच सुधारतां येईल, दुसरी, जिला थोडा खर्च लागेल, आणि तिसरी, जी नवी इमारत होईपर्यंत थांबेल. हा कागद आपल्या वर्गशिक्षकांस नम्रपणें द्यावा. अशा कागदानें एकदम भिंती हलणार नाहींत. परंतु खिडकीआड आलेलें कपाट तर हलेल, आणि एका बाकावर उजेड पडेल.

ज्या मुलास लहानपणीं कोणी विचारलें कीं, "बाळ, तुला येथें काय अडतें?" आणि ज्याचें उत्तर कोणी मनापासून ऐकून घेतलें, तें मूल मोठें झाल्यावर आपल्या गांवाच्या कामांत दुसऱ्यांसहि तसेंच विचारील. शाळेच्या इमारतीपासून मिळणारा हा धडा कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत छापलेला नसतो. पण भिंत बांधण्याआधींच त्याची शिकवण सुरू झालेली असते.